पदवीचे पेढे आणि घरचा हिशोब

मावळात जून-जुलैमध्ये दोन गोष्टी मागेपुढे येतात. एक पाऊस आणि दुसरी पदवीचा निकाल. दोन्हींची वाट पाहावी लागते आणि दोन्हींच्या तारखांचा भरवसा नसतो. पण एकदा आल्या की घर हलते. निकाल कळला की आई देवापुढे साखर ठेवते, वडील कुणाकुणाला फोन करतात आणि संध्याकाळपर्यंत पहिला प्रश्न दारात येऊन उभा राहतो. 'मग, पार्टी कधी?'

हा प्रश्न पूर्वी इतका अवघड नव्हता. निकालाच्या दिवशी अर्धा किलो पेढे आणायचे, देवापुढे ठेवायचे, शेजारच्या दहा घरांत वाटायचे आणि थोरामोठ्यांच्या पाया पडायचे, एवढ्यात समारंभ उरकत असे. आज तळेगाव, वडगाव, कामशेतपासून लोणावळ्यापर्यंत चित्र पालटले आहे. चौकात मुलाच्या फोटोचा फ्लेक्स लागतो. शनिवार-रविवारसाठी पोहण्याच्या तलावाचा बंगला भाड्याने घेतला जातो. दोन मजली केक, आवाज वाढवलेली गाणी, शंभर-दीडशे माणसे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला, तळेगावची औद्योगिक वसाहत वाढली, जमिनींना भाव आले. काही घरांत पैसा आला आणि त्या घरांनी हौस केली. त्यात वाईट काही नाही. अडचण एवढीच की, ज्यांच्या घरात तो पैसा आला नाही, त्यांनाही आता तशीच हौस करावीशी वाटते. नव्हे, करावीच लागेल असे वाटू लागते.

तीन वर्षे फी भरताना ज्या घराची ओढाताण झाली, त्या घराने एका रात्रीसाठी उसने पैसे काढावेत, हे पटण्यासारखे नाही. शैक्षणिक कर्ज घेतले असेल तर त्याचे हप्ते साधारणपणे शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होतात. हप्ता अजून दारात आलेला नसतो म्हणून तो नाहीच, असे वाटण्याचा हा काळ असतो. आणि नेमक्या याच काळात समारंभाचा खर्च समोर येतो. म्हणून समारंभ करू नये, असे मात्र मुळीच नाही. पदवीचा आनंद साजरा केलाच पाहिजे. फक्त तो कुणासाठी करायचा, हे आधी ठरले की किती खर्च करायचा, हे आपोआप ठरते.

पदवी कुणाची?

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८६२ साली त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर ही त्यांतली दोन नावे. त्या काळी बी. ए. झालेला माणूस पाहायला लोक येत असतील, इतकी ती गोष्ट दुर्मीळ होती. पुढे ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई जोशी यांना अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात पदवी मिळाली. घरदार, सासर-माहेर सगळे सात समुद्रांपलीकडे. पण त्या समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम गेल्या होत्या. त्या दिवशी तिथे किती पाहुणे होते, हे आज कुणी सांगत नाही. रमाबाई आल्या होत्या, हे मात्र आवर्जून सांगितले जाते. समारंभाला किती माणसे आली यापेक्षा कोण आले, हेच शेवटी लक्षात राहते.

आपल्याकडे आज पदवीधर दुर्मीळ राहिलेले नाहीत. पण आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळातल्या कितीतरी घरांत आजही पदवी घेणारा मुलगा किंवा मुलगी ही त्या घरातली पहिलीच असते. सकाळी एस. टी. किंवा दुधाच्या गाडीने रस्त्यापर्यंत यायचे, तिथून तळेगावच्या इंद्रायणी महाविद्यालयात किंवा लोणावळ्याच्या डॉ. बी. एन. पुरंदरे महाविद्यालयात पोचायचे आणि संध्याकाळी पुन्हा तोच प्रवास. या प्रवासात किती माणसांचे हात लागलेले असतात! पहाटे उठून डबा करणारी आई. पासाचे पैसे देणारा मामा. परीक्षेच्या महिन्यात आपल्या दोन खोल्यांपैकी एक मोकळी करून देणारी आत्या. नोटा उतरवून घ्यायला वही देणारी मैत्रीण. लावणीच्या वेळी 'तू अभ्यास कर, मी जातो' म्हणणारा धाकटा भाऊ.

पदवीच्या कागदावर नाव एकाचे असते. समारंभ करायचा तो या बाकीच्या नावांसाठी.

यादी आधी, जागा नंतर

बहुतेक घरांत उलटे होते. आधी हॉल पाहतात, मग हॉल भरायला माणसे शोधतात. त्याऐवजी एका संध्याकाळी सगळ्यांनी मिळून कागद घेऊन बसावे आणि तीन रकाने पाडावेत. पहिल्या रकान्यात ज्यांच्यावाचून ही पदवी झाली नसती, त्यांची नावे. दुसऱ्यात ज्यांना मनापासून आनंद होईल, ती माणसे. तिसऱ्यात 'बोलावले नाही तर काय म्हणतील' या धास्तीने सुचलेली नावे. पहिले दोन रकाने जेवायला बोलवावेत. तिसऱ्या रकान्याकडे पेढे पाठवावेत. पेढा घेऊन मूल स्वतः घरी गेले आणि नमस्कार केला, तर क्वचितच कुणाचा मान दुखावतो.

मावळातल्या घराची यादी अशी चाळल्यावर बहुधा तीस ते पन्नास माणसांवर थांबते. एवढ्या माणसांना बंगला लागत नाही. घराचे अंगण, गच्चीवर घातलेला मांडव, सोसायटीची खोली, गावातले समाजमंदिर किंवा देवळाचा सभामंडप पुरतो. गावोगावी हरिनाम सप्ताह होतात, त्यामुळे देवळाकडे किंवा मंडळाकडे मोठी पातेली, पराती, सतरंज्या असतात. विचारले तर त्या मिळतात. परत देताना घासून-पुसून द्याव्यात आणि दानपेटीत काही टाकावे, एवढाच शिष्टाचार. गच्ची घेतली तर पावसाचा विचार करून ताडपत्री पक्की बांधून घ्यावी. मावळातला पाऊस आडवा येतो, हे मावळकरांना सांगायला नको, पण पुण्याहून मांडव घेऊन येणाऱ्याला सांगावे लागते.

लोणावळ्यात शिकायला बाहेरगावहून आलेल्या मुलांचा प्रश्न वेगळा असतो. कुसगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलाचे आईवडील दूरच्या जिल्ह्यातून येतात, त्यांना ना अंगण असते ना गच्ची. अशा दोन-चार कुटुंबांनी एकत्र येऊन एखाद्या साध्या खानावळीत दुपारचे जेवण ठरवावे, आणि तेही शक्यतो आठवड्याच्या मधल्या वारी. शनिवार-रविवारी लोणावळ्यात भाडे चढते, रस्ते तुंबतात आणि खानावळीचा मालकही घाईत असतो. तीच थाळी बुधवारी निवांत मिळते. मुले तीन-चार वर्षे एकत्र राहिलेली असतात, पण त्यांचे आईवडील एकमेकांना पहिल्यांदाच भेटतात. ही ओळख पुढे कामाला येते.

दिवस कोणता धरावा?

दिवस ठरवताना नुसते कॅलेंडर पाहून चालत नाही, गावही पाहावे लागते. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकाराम महाराजांची पालखी निघते आणि मावळातल्या कितीतरी घरांतले वडीलधारे तिच्याबरोबर पंढरीच्या वाटेला लागतात. ज्या आजोबांनी नातवाच्या फीसाठी गाय विकली, ते वारीत असताना जेवण उरकून घेणे बरे दिसत नाही. पाऊस लागला की भाताची लावणी सुरू होते आणि मग गावात रिकामा माणूस सापडत नाही. आषाढात मटणाचा 'आखाड' असतो. तेव्हा मित्रांचा आग्रह त्या जेवणाचा होणार आणि खर्च दुपटीवर जाणार. घरात, पाहुण्यांत माळकरी मंडळी असतील तर दोन चुली मांडाव्या लागणार.

यावर एक सोपा उपाय आहे. निकालाच्या दिवशी फक्त पेढे वाटावेत आणि जेवण पुढे ढकलावे. पदवीचे प्रमाणपत्र हातात पडायला निकालानंतर काही महिने जातात. पूर्वी पदवी घ्यायची तर विद्यापीठातच जावे लागे. पुणे विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले, २०१४ साली त्याचे नाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झाले, आणि आता पुष्कळ महाविद्यालये आपापल्या आवारात पदवीप्रदान समारंभ करतात. तो दिवस धरला तर पाऊस सरलेला असतो, लावणी आटोपलेली असते, वारकरी घरी आलेले असतात आणि दाखवायला खरोखरचा कागद हातात असतो. शिवाय मधल्या महिन्यांत थोडे थोडे पैसे बाजूला टाकता येतात. मुलाला किंवा मुलीला नोकरी लागलेली असेल, तर पहिल्या पगारातला काही वाटा स्वतःचाही घालता येतो. त्या जेवणाची चव निराळी असते.

वेळ दुपारची धरावी. पुण्याहून, पिंपरी-चिंचवडहून येणारे पाहुणे लोकलने येतात. घोरावाडी, तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली, लोणावळा यांपैकी जे स्टेशन जवळ असेल, तिथल्या गाड्यांचे वेळापत्रक पाहून मगच जेवणाची वेळ कळवावी. पाहुण्याला उजेडी परतता आले की मुक्कामाची सोय करावी लागत नाही. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, म्हणून होणारी वादावादीही टळते.

चाळीस पानांचा हिशोब

आता मुख्य खर्चाकडे वळू. समजा, घराने दहा हजार रुपयांची मर्यादा ठरवली आणि पाने चाळीस धरली. त्यांतले सहा हजार जेवणाला, एक हजार भांडी-मांडव-गॅसला, दोन हजार पेढे आणि चिक्कीला आणि एक हजार हाताशी राखून. हा राखलेला हजार महत्त्वाचा. ऐनवेळी पाच पाने वाढतातच. वाढली नाहीत तर तो पैसा मुलाच्या पुढच्या परीक्षेच्या फॉर्मला होतो. आपली मर्यादा पाच हजारांची असेल तर आकडे निम्मे करावेत. पाने कमी करावीत, पण पहिल्या रकान्यातले नाव गाळू नये.

बेत साधा आणि मावळाचा असावा. तांदूळ बाहेरून आणायची गरजच नाही. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहोर १५७ आणि आय. आर. ८ यांच्या संकरातून 'इंद्रायणी' ही जात तयार झाली आणि १९८७ साली ती शेतकऱ्यांच्या हाती आली. आज साऱ्या महाराष्ट्रात लोक मावळचा इंद्रायणी मागून घेतात. घरचा किंवा नात्यातल्या कुणाचा तांदूळ असेल तर तोच घालावा. इंद्रायणी चिकट होतो म्हणून मसालेभातासाठी तो थोडा जुना घ्यावा आणि पाणी बेताचे ठेवावे. चाळीस माणसांना चार किलो तांदूळ पुरतो. मोडाच्या उसळीसाठी दोन किलो कोरडी मटकी दोन दिवस आधी भिजत घालावी. मोड आल्यावर ती दुपटीहून अधिक होते. माणशी चार पुऱ्या धरल्या तर चार किलो कणीक लागते. जोडीला काकडीची कोशिंबीर आणि मठ्ठा. गोडात श्रीखंड करायचे तर अडीच किलो चक्का आणि दोन किलो साखर घ्यावी. तेही महाग वाटले तर गव्हाची लापशी करावी. लापशीला कमी खर्च येतो आणि ती पानात टाकली जात नाही.

सगळे घरीच रांधायचे म्हटले तर एक धोका असतो, आणि तो दरवेळी घरातल्या बायकांच्याच वाट्याला येतो. लेकीचा किंवा लेकाचा समारंभ आणि आई दिवसभर चुलीपुढे! पाहुणे गेल्यावर तिच्या हाती येतात ती खरकटी पातेली. हे होऊ द्यायचे नसेल तर गावातल्या महिला बचत गटाला पुऱ्या आणि भाताचे काम सांगावे. हल्ली बरेच गट अशी कामे घेतात. दर आधी ठरवावा, सामान आपण द्यायचे की त्यांनी आणायचे, हे स्पष्ट बोलावे आणि पैसे त्याच दिवशी चुकते करावेत. उसळ आणि कोशिंबीर घरच्या पुरुषांनी करावी. पदवीधर मुलाला कांदा चिरता येतो की नाही, हेही त्या निमित्ताने कळेल.

निघताना पाहुण्याच्या हातात काय द्यायचे, याचे उत्तर लोणावळ्याने केव्हाच देऊन ठेवले आहे. घाटातून रेल्वे धावू लागली १८६३ साली, आणि गूळ-शेंगदाण्याच्या गुडदाणीची चिक्की होऊन ती प्रवाशांच्या हाती पडू लागली, तीही या रेल्वेच्याच आधाराने. छापील पिशव्या, चांदीचा मुलामा दिलेली नाणी, फोटोचे पेले यांपेक्षा शेंगदाण्याच्या चिक्कीची एक पुडी बरी. ती खाल्ली जाते. शोभेच्या वस्तू माळ्यावर जातात.

पैसा फंडाची शिकवण

खर्च कुणी करायचा, हा नाजूक प्रश्न. आपल्याकडे समारंभ करणारे घर सगळा भार उचलते आणि पाहुणे आहेर आणतात. त्या आहेरातल्या टॉवेल-टोप्या पुढच्या आहेरात फिरत राहतात. मावळातच याहून शहाणी रीत घडलेली आहे. अंताजी दामोदर काळे यांनी गेल्या शतकाच्या आरंभी 'पैसा फंड' चालवला. प्रत्येकाने वर्षाला फक्त एक पैसा द्यायचा आणि त्या पैशांतून देशी धंदे उभे करायचे. लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिले आणि १९०८ साली तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. एकेका पैशातून कारखाना उभा राहतो, तर चाळीस माणसांचे जेवण का उभे राहणार नाही?

भातलावणीतली सावड मावळाला नवी नाही. आज तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. समारंभालाही ती लावता येते. मामांनी तांदूळ द्यावा, आत्याने लापशीचा गूळ, शेजाऱ्यांनी गच्ची आणि मित्रांनी वाढण्याचे काम. ज्याला काही देता येत नाही, त्याने पाने मांडावीत. यात कुणाला कमीपणा येत नाही, कारण पुढच्या वर्षी त्याच्या घरचा निकाल असतो. आहेर आणूच नये, आणायचाच असेल तर पुढच्या अभ्यासाचे पुस्तक किंवा परीक्षेचे शुल्क द्यावे, असे निमंत्रणातच सांगून टाकावे. छापील पत्रिकेची गरज नाही. फोनवर बोललेले निमंत्रण अधिक आपुलकीचे वाटते.

मित्र आणि पाणी

मित्रांची पार्टी घरच्या जेवणापेक्षा वेगळी असणार, हे मोठ्यांनी मान्य करावे. त्यांना वेगळे हसायचे असते. मळवली स्टेशनला उतरून भाज्यावरून लोहगडाची वाट धरली तर लोकलच्या तिकिटात आणि डब्यातल्या भाकरीत दिवस साजरा होतो. लोहगड २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत गेला. आपल्या अंगणातला गड आहे तो. पण तोही पावसाळ्यातल्या रविवारी नको. दिवाळीच्या सुमारास जावे.

हे सांगण्याचे कारण गंभीर आहे. निकाल पावसात लागतात आणि पावसात मावळचे पाणी ओढ लावते. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली ५ माणसे वाहून गेली. १५ जून २०२५ रोजी इंद्रायणीवर कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला आणि ४ जणांचा जीव गेला. ही सगळी माणसे सुटीचा आनंद घ्यायलाच आली होती. वर पाऊस वाढला की खाली पाणी काही क्षणांत चढते, दगड निसरडे असतात आणि गर्दीत मागे फिरायला वाट नसते. खर्च कमी म्हणून मुले धबधब्यावर पार्टी ठरवत असतील, तर आईवडिलांनी तिथे मात्र ठाम 'नाही' म्हणावे आणि बदल्यात घरची गच्ची एका संध्याकाळपुरती त्यांच्या हवाली करावी.

मित्रांच्या यादीत आणखी एक नाव असते, ते विसरू नये. बरोबर शिकणाऱ्यांपैकी एखाद्याचे दोन विषय राहिलेले असतात. त्याला टाळणे सोपे आणि बोलावणे अवघड. तरी बोलवावे, आणि त्याच्यासमोर गुणांची चर्चा करू नये. वर्षभर एकाच बाकावर बसलेल्या मुलाला एका निकालाने परके करणारी पदवी काय कामाची?

मुलीची पदवी

एक गोष्ट उरते, आणि ती खर्चाच्या हिशोबात सहसा येत नाही. मुलगा पदवीधर झाला की जेवण होते. मुलगी झाली की 'आता लग्नात करूच की सगळे' असे म्हणून पेढ्यांवर भागते. लग्नाच्या मांडवात तिची पदवी पत्रिकेवरच्या दोन अक्षरांपुरती उरते. तिने ती मिळवली, तेव्हा तिच्यासाठी पान वाढले गेले का, हे तिच्या लक्षात राहते. घरात भाऊ-बहीण दोघेही असतील तर जेवण सारखेच असावे. दोघांना मिळून एकाच दिवशी केले तरी चालेल, पण तिचे नाव मागून जोडलेले नको.

आणि जेवणाआधी दहा मिनिटे बाकी सगळे बाजूला ठेवावे. भाषणे नकोत, हारतुरे नकोत. पदवीधर मुलाने किंवा मुलीने उभे राहून पहिल्या रकान्यातली नावे वाचावीत आणि प्रत्येकाने नेमके काय केले, ते एका वाक्यात सांगावे. 'आत्याने खोली दिली.' 'भावाने माझ्या वाटची लावणी केली.' 'मामांनी तीन वर्षे पास काढून दिला.' एवढेच. ज्यांना कधी व्यासपीठावर बोलावले गेले नाही, अशा माणसांचे नाव चारचौघांत घेतले जाते, तेव्हा त्यांचे डोळे भरून येतात. याला एक रुपयाही खर्च येत नाही, आणि शंभर माणसांच्या बंगल्यातल्या पार्टीत नेमके हेच राहून जाते.

पदवीने नोकरी मिळेल, न मिळेल. पुढची वाट सोपी असेल, नसेल. पण त्या वाटेवर निघताना डोक्यावर पार्टीचे कर्ज असू नये आणि पाठीशी कोण उभे आहे, हे पक्के ठाऊक असावे. चाळीस पाने, चार किलो तांदूळ आणि दहा नावे एवढ्यात हे दोन्ही साधते. यंदा आपल्या घरात निकाल लागणार असेल, तर हॉलची चौकशी करण्याआधी एक कागद घ्या आणि पहिल्या रकान्यातले पहिले नाव लिहा.